थेंबातली शर्यत

माझ्या धाकट्या साडूइतका निरुपद्रवी माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडायचा नाही, आणि त्याच्यावर माझ्याइतका जळणाराही. वरवर पाहता जळण्याजोगं त्याच्याकडे काही नाही. केस माझ्याहून कमी, गाडी माझ्याहून जुनी, शर्टाची गुंडी कायम एका काजानं चुकलेली. पण त्याची गाडी वळणावर दिसली की सासूबाई मासवडीचं बेसन घोटायला घेतात, आणि माझी दिसली की आतूनच विचारतात, "आलं का पावणं? च्या घेनार ना?"

तो पुण्यात एका प्रयोगशाळेत आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिमट्यानं एक भिंग बसवतो, काचेच्या पट्टीवर पाण्याचा थेंब घेतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे कण सोडतो. हे कण जिवंत नाहीत, पण पळतात. जखम धुवायला केमिस्टकडे जे फेसाळणारं औषध मिळतं ना, त्याचा एक टिपूस त्यांना चारला की बुडबुडे सोडत आपल्याच जोरावर सुटतात. पाण्यात तांबं, पारा असलं काही नको ते असेल तर मंदावतात. फार असेल तर जागच्या जागी बसतात. मोबाईल त्यांचा वेग मोजून निकाल देतो. साडूची प्रयोगशाळा त्याच्या खिशात मावते. माझ्या खिशात रुमालही धड मावत नाही.

हे वेड अंगात असल्यामुळे तो कुठंही सरळ जाऊच शकत नाही. लग्नात टँकरच्या पाण्याचा थेंब पास झाल्याशिवाय पंगतीला बसत नाही. भीमाशंकरला गेलो तेव्हा दर्शनाची रांग सोडून चहाच्या टपरीवर पिंपातलं पाणी तपासत बसला, आणि टपरीवाला त्याला सरकारी साहेब समजून फुकट भजी चारत राहिला. (मी पैसे देऊन खाल्ली.) आहुप्याच्या देवराईत तर एका झऱ्याकाठी पालथा पडून मोबाईलमध्ये असा गुंगला, की चक्कर आली समजून एक म्हातारी कांदा फोडून घेऊन धावत आली. हा नाकाशी आलेला कांदा बाजूला सारत म्हणाला, "आजी, थांबा जरा, अजून पळतायत."

शिवाय त्याला खोटं बोलता येत नाही. आमच्या वास्तुशांतीला मी नवा फिल्टर पाहुण्यांना कौतुकानं दाखवत होतो. यानं दोन थेंब तपासले आणि भर बैठकीत म्हणाला, "भाऊ, यात जाणारं आणि यातून येणारं पाणी सारखंच आहे."

तरीही माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं : सासरे. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. वाटेतल्या गावागावाचं पाणी चाखलेला माणूस, पण आता पितात ते पिंपळवंडीच्या माझ्या विहिरीचंच. दर आठवड्याला मी कॅन पोचवतो. "पानी प्यावं तर थोरल्या पावण्याच्या हिरीचं," हे त्यांचं वाक्य साडूसमोर निघावं म्हणून मी किती वेळा उन्हाळ्याचा विषय काढला असेल, सांगत नाही.

तर एकदा सगळे आमच्याकडे जेवायला आले आणि सासरेच म्हणाले, "धाकटं पावणं, ह्या पान्याची बी बगा की परीक्षा."

मी याच क्षणाची वाट पाहत होतो. आयुष्यात स्वतःचा कप न विसळणाऱ्या मी सकाळीच तांब्याचा तांब्या चिंचेनं घासून आरशासारखा केला होता. त्यातलंच पाणी पुढं केलं. साडूनं थेंब घेतला, कण सोडले. एकही हलेना.

"तांबं फार दिसतंय," तो पुटपुटला.

सासऱ्यांनी ओठाशी नेलेला पेला खाली ठेवला. "तसा मी पानी लई पीत न्हाई," भिंतीकडं बघत ते म्हणाले, आणि झणझणीत रश्श्याचं जेवण पाण्याच्या घोटाशिवाय जेवू लागले. ठसका लागला तरी पेल्याला हात नाही. मी भाकरी नुसतीच कुस्करत बसलो.

साडूचंही जेवण थांबलं होतं. तो एकटक तांब्याकडं पाहत होता. मग कडेवरून बोट फिरवून त्यानं ते चाटलं.

"भाऊ, हा कोणी घासला?"

"मीच."

"चिंचेनं?"

"मग काय!"

"आणि विसळला?"

"नाही... म्हटलं, चकाकी जायची."

खरकट्या हातानं तो उठला, हात धुऊन विहिरीवर गेला, प्लास्टिकच्या बादलीनं स्वतः पाणी शेंदलं आणि काचेच्या पेल्यातून आणलं. मी बाजूला बसून सगळे देव आठवले. त्यानं नव्या थेंबात कण सोडले तसं सासऱ्यांनी मोबाईलमध्ये डोकं खुपसलं.

"आरं, सुटलं की! भिर्रर्र!" बैलगाडा शर्यतीच्या घाटात ओरडावं तसे ते ओरडले. "घाटाच्या भाईर गेलं राव!" आणि भरला पेला एका दमात रिकामा केला.

"चूक माझी," साडू सगळ्यांना म्हणाला. "चिंचेनं सुटलेलं तांबं पाण्यात उतरलं. मी आधी भांडं बघायला हवं होतं."

मी हळूच विचारलं, "सगळ्यांत जोरात आमचेच पळाले ना?"

"भाऊ, चांगल्या पाण्यात सगळीकडं सारखेच पळतात. यात पहिला नंबर नसतो."

माझी विहीर सुटली, पण धाकट्या पावण्यानं ती कशी सोडवली, ही गोष्ट सासरे अजून भेटेल त्याला सांगतात. गोष्टीत मी आहे. न विसळलेल्या तांब्यापुरता.

आता साडूची बदली लांब परराज्यात झाली आहे. सासरी वळणावर माझीच गाडी दिसते, आणि सासूबाई अजून चहाचंच विचारतात. सासरे पेला हातात धरून म्हणतात, "त्या पोराला तकडं पानी कसलं मिळत आसंल?" मला त्याचाही हेवा वाटतो. माझ्या तहानेची काळजी कुणी केलेली आठवत नाही. गेल्या महिन्यात तिकडं जाणाऱ्या ओळखीच्या ट्रकवाल्याकडं मी एक कॅन दिला. कॅन आधी चार पाण्यांनी विसळला.

रविवारी साडूचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर जरा थांबून म्हणाला, "भाऊ, पाणी तपासलं. इथं इतकी पाणी पाहिली, पण सगळ्यांत जोरात तुमच्या विहिरीतले पळाले."

फोन ठेवून मी दुसरा कॅन विसळायला घेतला. त्याला खोटं बोलता येत नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो होतो.