इंजेक्टर कोणी तोडला

साखरखेर्ड्याजवळच्या त्या गॅरेजमधल्या मिस्त्रीचे नाव मी विचारले नाही. मी रागात होतो. आमच्या जुन्या ट्रकचा, डिझेल फवारणारा इंजेक्टर इंजिनात घट्ट अडकला होता आणि मागे भरलेली हिरवी मिरची उन्हात तापत होती. मिस्त्री मात्र इंजेक्टरभोवती तेल सोडी, पान्याने तो केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवी आणि पाना पुसून पुन्हा वाट पाहत बसे.

"अहो, जोर लावा की!" मी ओरडलो.

"दम धरा शेठ. सैल होऊन राह्यला तो."

मी दम धरला नाही. तो तेल आणायला उठताच मी पहार घालून हिसका दिला. इंजेक्टर मधोमध तुटला. घरी धाकट्या भावाला फोन लावला आणि त्याच्यापुढे कमीपणा नको म्हणून सांगितले, "मिस्त्रीने तोडला."

मिस्त्री मागेच उभा होता. त्याने हातातला तेलाचा डबा खाली आपटला.

"मी तोडला? या रस्त्याचे सारे डायवर मले ओयखतात. माह्या हातानं आजलोक एक नाही तुटला! फोन लावा परत अन् खरं सांगा. तोवर पान्याले हात लावत नाही."

तासभर मी त्याच्याच दारात त्याला शिव्या देत फिरलो. अखेर फोन लावला. "अरे, तो इंजेक्टर..." एवढेच बोललो, तोच मागे पाना वाजला. पुढचे न ऐकताच मिस्त्री कामाला लागला होता.

वाक्य मी खरे बोलूनच पुरे केले: "मी तोडला." पण त्या क्षणीही ओठांवर दुसरे, खोटे वाक्य तयार होते. त्याबद्दलचा माझा स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही.