सोळा अँपियरचं घर

इसूफ तांबोळी तीस वर्षं सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर जीप चालवत होता. सकाळी स्टँडाजवळून स्वामींच्या दर्शनाला निघालेली माणसं भरायची, दुपारी घरी यायचं, संध्याकाळी पुन्हा एक फेरी. त्याची बायको जमीला जवळजवळ तेवढीच वर्षं टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. सुताची धूळ नाकातोंडात जाऊन तिची फुप्फुसं निकामी होत आली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, रोज निदान सोळा तास.

गल्ली अरुंद, जीप दारातच उभी असायची. सकाळी स्टार्टर मारला की डिझेलचा धूर खिडकीतून थेट आत. जमीला खोकून अर्धमेली व्हायची, पण कधी बोलली नाही. इसूफ काही दिवस जीप ढकलत गल्लीच्या तोंडाशी नेऊन सुरू करायचा. शेवटी त्यानं ती विकली आणि विजेवरची गाडी घेतली.

शोरूममधला माणूस म्हणाला होता, "घरच्या पंधरा अँपियरच्या प्लगवर चार्ज होते चाचा. वेगळं काही करावं लागत नाही."

पहिल्या दिवशी प्लग लावला आणि दहा मिनिटांत घरातली वीज गेली. मशीनचा अलार्म ओरडायला लागला. इसूफ आत धावला तर जमीला उठून बसली होती, बंद पडलेली नळी नाकाशी दाबून धरलेली.

वायरमन सिद्धलिंगप्पा आला. अक्कलकोटकडचा, ओळखीतला म्हातारा. त्यानं मीटरचा बोर्ड उघडून पाहिला.

"तुमचं मंजूर लोड दोन किलोवॅट. गाडी एकटीच तीनच्या वर खातीय. ही मेन एमसीबी सोळा अँपियरची हाय, त्यातले पंधरा गाडीलाच. वर मशीन, फ्रिज, पंखा आला की पडणारच की."

"मग मोठी टाक."

"टाकतो. मग एमसीबी पडायची न्हाय, भिंतीतली वायर जळंल. घरात आजारी माणूस हाय, इसूफभाई. मी न्हाय टाकणार."

इसूफनं लोड वाढवायचा अर्ज केला. वीज कार्यालयातल्या चेतना मॅडमनी कागद नीट वाचले.

"काका, घरातली वायर तुम्ही बदलाल. पण तुमच्या गल्लीच्या डीपीवरच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच जागा नाही. कूलर सुरू झाले की तो आत्ताच तापतो. नवीन डीपी बसल्याशिवाय मला काही वाढवता येणार नाही."

"कधी बसंल?"

"प्रस्ताव पाठवलाय." एवढं बोलून त्या दुसऱ्या कागदाकडे वळल्या. खोटी तारीख त्यांनी दिली नाही.

मग इसूफ हायवेवरच्या चार्जिंग स्टेशनवर जाऊ लागला. तिथं रांग. त्याचा नंबर लागेपर्यंत सकाळची माणसं दुसऱ्या गाडीत बसून निघून गेलेली असायची. वर्षानुवर्षांची गिऱ्हाईकं फोन करायची थांबली. शेजाऱ्यांकडं विचारावं तर त्यांचेही मीटर तसलेच. जीप घेणाऱ्याकडं तो एकदा जाऊन आला, तर त्यानं ती केव्हाच पुढं विकली होती. एकदा रांगेत बसल्या बसल्या त्याला रडू आलं. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा त्यानं तोंड पुसून गाडी पुढं घेतली.

एके दुपारी जमीला म्हणाली, "आज घरी लावून बघा. शेजारची केराबाई म्हणत होती, खांबावर काम करून गेलेत."

त्यानं प्लग लावला आणि अर्जाची चौकशी करायला कार्यालयात गेला. तीन तासांनी परतला तर वीज गेली नव्हती, गाडी बरीच भरली होती, मशीन घुमत होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. त्यानं शुक्रवारी मशिदीत शुकर मानला. बारा दिवस असं चाललं; दुपारी प्लग लावून तो कधी कार्यालयात, कधी स्टँडावर जायचा. सकाळची गिऱ्हाईकं एकेक करून परत येऊ लागली. जमीला जास्त थकलेली दिसायची, पण एप्रिलचं ऊन कुणाला सोसतंय, असं त्याला वाटलं.

तेराव्या दिवशी कार्यालयात मॅडम रजेवर होत्या, म्हणून तो लवकर फिरला. दारात गाडी चार्ज होत होती. घरात मात्र मशीनचा आवाज नव्हता.

जमीला भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळे पडलेले. मशीनचं बटण बंद, फ्रिजचंही, पंख्याचंही. त्यानं हाक मारली तर डोळे उघडले, पण ती त्याला ओळखत नव्हती.

आरडाओरडा ऐकून शेजारची केराबाई आली. "रोज दुपारी बंद असतंय की मशीन," ती म्हणाली. "आमाला वाटलं, तुमीच सांगितलंय."

इसूफनं प्लग उपसला. दोघांनी मिळून जमीलाला मागच्या सीटवर निजवलं, केराबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखाना येईपर्यंत इसूफ एकच बोलत होता, "सास ले जमीला, सास ले."

चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. पाचव्या दिवशी बोलली. "डॉक्टर सोळाच तास म्हणाले होते ना. दुपारचे दोन-तीन तास गेले तर काय होतंय, असं वाटलं. तुमची माणसं परत येत होती."

"मला सांगायचंस तरी," इसूफ म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी लावली असती?"

घरी आणल्यावर त्यानं सिद्धलिंगप्पाला बोलावून पंधरा अँपियरचा प्लगच काढून टाकला. गल्लीच्या कोपऱ्यावर आता नव्या डीपीसाठी दोन खांब उभे केलेत, वर अजून काही बसलेलं नाही. जमीलाला आता दिवसभर नळी लागते. इसूफ सकाळची फेरी सोडून चार्जिंगच्या रांगेत असतो. फोन समोर ठेवून बसतो. तासा-तासाला केराबाईचा फोन येतो.

"मशीन चालू हाय. दोन घास खाल्ल्यात तिनं."

"बरं," इसूफ म्हणतो, आणि पुढच्या तासाची वाट बघत बसतो.