फोटोतली पाचवी बाई

मंडळी, आत्ताच घाटकोपरच्या स्थानिक इतिहासाच्या प्रदर्शनातून आलोय. डोकं फिरलंय.

फोटो लागलाय म्हणून आईला हौसेनं घेऊन गेलो होतो. ऐंशीच्या दशकात आमच्या टेकडीवर पहिला नळ आला, तेव्हाचा फोटो. पाइपासाठी चर खणणाऱ्या पाच बायका, त्यात आई. शेजारी हार घातलेले नगरसेवक. आईनेच तो पेटीतून काढून इतिहास मंडळाला दिला होता.

खाली नगरसेवकांचं अख्खं नाव. आणि पुढे? ‘काही स्थानिक महिला’!

मी आयोजकांना म्हटलं, "अहो, त्यातली एक ही समोर उभी आहे!"

"नावांचा लेखी पुरावा मिळाला नाही हो."

आई म्हणाली, "फोटोच्या मागे लिहिलीत ना मी. पाचही."

फोटो पुठ्ठ्याला डिंकाने पक्का चिकटवलाय. उलटून बघायचं एकालाही सुचलं नाही यार!

रिक्षात आई बोटांवर मोजत होती. सुलोचना म्हणजे ती स्वतः, हौसाबाई, शेवंता, यमुना. पुढचं बोट तसंच राहिलं.

टेकडीवरच्या जुन्या लोकांनो, डोक्यावर घमेलं घेतलेली ती पाचवी कोण होती? कुणाला आठवतंय का?