ज्याचा पीळ त्याचा हात

मी लिहिलेल्या त्या पत्रकात एकही ओळ खोटी नव्हती. हे मी अजूनही म्हणतो, पण म्हणताना पूर्वीसारखा आवाज चढत नाही. ते पत्रक वाटल्यानंतर दहाव्या दिवशी एका ट्रेलर ड्रायव्हरचा पाय गेला.

आमचं घर धुळ्याचं, विहाराच्या मागच्या गल्लीतलं. घरात पुस्तकं दोन-चार, पत्रकं मात्र पेटीभर. वडील गिरणीत होते. सभेहून येताना ते खिशात घडी घालून पत्रक आणायचे आणि जेवणाआधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले. पुढच्या बाजूची भाषा तशीच अंगात मुरली: वाक्य छोटं, ठसा जाड आणि शेवटी मागणी.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका लोखंडाच्या यार्डात मला वजनकाट्यावर काम मिळालं. शेडसाठी लागणारे मोठमोठे गर्डर तिथून ट्रेलरवर चढून फैजपूर, सावदा, शिरपूर असे चहूकडे जायचे. गर्डर चढवायला क्रेन होती. बांधायला चार माणसं होती आणि त्यांतले सर्वांत वडील ते आबा. साठीला आलेले, माझ्याच धुळ्याकडचे, बोलणं अस्सल अहिराणी. जळगावात घरची बोली ऐकायला मिळते म्हणून मी दुपारचा डबा त्यांच्याजवळच खायचो.

आबांचं बांधणं बघत राहावं असं होतं. आधी ट्रेलरच्या फळ्यांवर आडवे लाकडी ठोकळे, सगळे एका उंचीचे. त्यांवर गर्डर, जड खाली, हलके वर, टोकं एका रेषेत. मधल्या फटींत पाचरी. साखळी जिथे कडेवरून वळेल तिथे गोणपाटाची जाड घडी. मग चार ठिकाणी दुहेरी साखळी टाकायची, तिच्यात लोखंडी दांडा घालायचा आणि पीळ देत जायचं. शेवटी दांडा दोराने पक्का करून आबा दुसऱ्या दांड्याने साखळीवर एक टोला द्यायचे आणि कान लावायचे. आवाज आखूड आला की साखळी घट्ट, काम झालं.

बांधणाऱ्यांत एक रीत होती. ज्याचा पीळ त्याचा हात. ज्याने साखळी पिळली त्यानेच ती आवळायची, त्यानेच सोडायची. दुसऱ्याने हात लावला तर तो बांधणाऱ्याचा अपमान. ड्रायव्हरसुद्धा लावत नसत.

आणि दुसरी रीत अशी की गाडी निघाली की बांधणारा मालावर चढून बसायचा. आबा डोक्याला टॉवेल गुंडाळून, दांडा मांडीवर घेऊन, गर्डरांच्या थप्पीवर बसून, फैजपूरची फेरी असली तर वाटेतल्या नशिराबादपर्यंत जायचे आणि तिथून मिळेल त्या गाडीने परत यायचे. धरायला कठडा नाही. वर वैशाखाचं ऊन, खाली तापलेलं लोखंड. मला ते पाहवेना. गाडीला एक धक्का बसला तर या म्हाताऱ्याचं काय होईल? केबिनमध्ये तीन माणसं बसतील एवढी जागा आणि हा माणूस वर, मालासारखा. हे असं का, म्हणून मी आबांना कधी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक आहे अशी माझी खात्री होती.

म्हणून मी पत्रक लिहिलं. मथळा होता: माणूस म्हणजे मालावरचा माल नाही. मागणी एकच, बांधणाऱ्याला मालावर बसवणं बंद करा. चहाच्या टपरीवर मी ते वाचून दाखवलं. फैजपूरच्या फेऱ्या करणारा ड्रायव्हर तिथे होता. नशिराबादचाच, तिशीतला, कुणाचीही खेचणारा. काट्यावर लिहीत बसतो म्हणून मला मास्तर म्हणायचा. तो म्हणाला, "मास्तर, आबा वरून शिव्या घालतात म्हणून मी हळू चालवतो. त्यांना उतरवलं तर मला शिव्या कोण घालणार? तुम्ही?" सगळे हसले. मीही हसलो आणि पत्रकं वाटत पुढे गेलो.

मालकाने अर्ध्या तासात मागणी मान्य केली. एवढ्या स्वस्तात मिळालेल्या विजयाचा मला संशय यायला हवा होता. मी मात्र धुळ्याला जाऊन वडिलांना पत्रक दाखवून आलो.

पुढचे काही दिवस जवळच्या आणि हलक्या फेऱ्या होत्या. मग फैजपूरकडच्या केळीच्या गोदामासाठी लांब गर्डरांची खेप लागली. आबांनी सकाळभर खपून ती बांधली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तेव्हा आबा दांडा खांद्यावर टाकून आले आणि त्यांनी मागच्या चाकावर पाय ठेवला. मी काट्यावरून धावत गेलो. बाकीचे तिघे बांधणारे बघत होते, हे मला दिसत होतं.

"आबा, तुम्हीच चढलात तर उद्या या तिघांना मालक खाली ठेवील का?"

"भाऊ, मी नशिराबादलगून जाई येस," आबा शांतपणे म्हणाले. "गाडी चालनी का लोखंड बठस."

गाडी चालली की लोखंड बसतं. ठोकळे दबतात, गर्डर एकमेकांत सरकून जागा धरतात आणि घट्ट साखळी दहा-बारा किलोमीटरांत सैल पडते. तेव्हा ती पुन्हा आवळावी लागते. बांधणाऱ्याने सोबत जायचं ते एवढ्यासाठी, आणि वर बसायचं ते साखळीचा आवाज ऐकण्यासाठी. एका वाक्यात आबांनी मला सगळं सांगितलं होतं, तेही माझ्या घरच्या बोलीत. मला त्यात एका म्हाताऱ्याची सवय तेवढी ऐकू आली.

"नियम बठ्ठासले एकच शे, आबा," मी म्हणालो. सगळ्यांना एकच नियम.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या तिघांकडे. चाकावरचा पाय खाली घेतला. माझा शब्द त्यांनी चारचौघांत पडू दिला नाही. गाडीच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या ड्रायव्हरला यातलं काहीच दिसलं नाही. गाडी गेली.

नशिराबादला तो नेहमीच्या जागी चहाला थांबला. साखळी खुळखुळत होती, असं टपरीवाल्याने नंतर सांगितलं. ड्रायव्हर खाली उतरला, मालाभोवती एक फेरी मारली, दांड्याकडे हात नेला आणि मागे घेतला. आबा येतात का म्हणून जळगावच्या रस्त्याकडे पाहत थोडा वेळ थांबला. मग निघाला. भुसावळच्या अलीकडे एक बैलगाडी आडवी आली आणि त्याने करकचून ब्रेक दाबला. सैल मोळीतून काडी निसटावी तसा मधला एक गर्डर पुढे सरकला आणि केबिनच्या पाठीतून आत घुसला.

पाय गुडघ्यातून कापावा लागला.

मी दवाखान्यात गेलो. शुद्धीवर येऊन त्याला दोन दिवस झाले होते. तो म्हणाला, "आबांच्या पिळाला मी कसा हात लावणार होतो, मास्तर?" मग म्हणाला, "आपल्या हातचा माल असा सोडून दिला त्यांनी. नियम झाला म्हणून." आणि तोंड भिंतीकडे केलं. एक वाक्य बोलायला तिथे भरपूर वेळ होता. मी पिशवीतली मोसंबी खुर्चीवर ठेवली आणि बाहेर आलो.

आठवडाभरात मी दुसरं पत्रक लिहिलं. ट्रेलर जुना होता, केबिनमागे लोखंडी आडोसा नव्हता, मालकाने आबांची वर बसायची जागा काढली पण केबिनमधली दिली नाही. हेही सगळं खरं. छापण्याआधी आबांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"यामा तू कोठे शे?" त्यांनी विचारलं.

मी ते पत्रक छापलं नाही. आबांनी मात्र मालकाकडे जाऊन बाकीच्या तिघांसाठी केबिनमध्ये जागा मागितली. तीही त्याने अर्ध्या तासात दिली. पहिल्याच पत्रकात हे एक वाक्य जास्त लिहिलं असतं तर... पण त्यासाठी आधी विचारावं लागलं असतं. स्वतः आबांनी त्यानंतर साखळी हातात धरली नाही. ते गावी निघून गेले. मीही नोकरी सोडून धुळ्याला परतलो.

काही वर्षांनी आबा वारल्याचं कळलं. मी दारावर सांत्वनाला गेलो, त्यांच्या मुलाजवळ बसलो. निघताना तो सहज म्हणाला की यार्डातले सगळे येऊन गेले, ड्रायव्हर तेवढा आला नाही, आणि आबा शेवटी त्याचीच चौकशी करायचे.

त्याच आठवड्यात मी नशिराबादला उतरलो. स्टँडजवळ त्याची पानटपरी होती, कुबडी बाजूला टेकवलेली. त्याने मला ओळखलं, पान लावलं, लिहिणं चालू आहे का म्हणून खेचलंही. समोर लोखंडाचा एक ट्रेलर थांबला होता. त्याने बसल्या जागेवरून ओरडून ड्रायव्हरला साखळी बघून घ्यायला सांगितलं. त्याचं ओरडणं संपल्यावर मी त्याला त्या सकाळचं सांगितलं. चाकावर ठेवलेला पाय, मी बोललेलं वाक्य, आबांनी तो पाय खाली घेणं.

त्याने अडकित्ता उचलून सुपारी कातरायला घेतली.

"म्हणजे आबा यायला निघाले होते," तो म्हणाला.

"हो."

"मी त्यांच्या दारावरसुद्धा गेलो नाही, मास्तर."

समोरच्या ट्रेलरवरचा माणूस खाली उतरून साखळी आवळत होता. मी पानाचे पैसे पुढे केले. त्याने ते घेतले नाहीत आणि माझ्याकडे वर पाहिलंही नाही.