ठासून ठेवलेली बंदूक

माझ्याकडं बंदूक होती असं सांगितलं की लोक जरा सावरून बसतात. ती ठासणीची होती, एका नळीची, आजोबांपासून वडिलांकडं आणि वडिलांकडून माझ्याकडं आलेली, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची, असं पुढं सांगितलं की परत सैल होतात. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर चिंधी, लोखंडी गजानं ठोकायचं, मग छर्रे, परत चिंधी. मागच्या बाजूला घोड्याखाली तांब्याची बारकी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की बार. सगळं भरेपर्यंत रानडुकराची इच्छा असेल तर ते जेवून, ढेकर देऊन, सोयऱ्याला निरोप पाठवून जाऊ शकतं.

आमचं शिवार झरी गावाच्या अलीकडं. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि उसात डुकरं राहायला आली. माझी ओढ्याकाठची पट्टी त्या उसाला लागून. तिथं हरभरा टाकला की तो डुकरांचा. गावात परवान्याची बंदूक माझी एकट्याची, त्यामुळं माझ्या बाराच्या भरवशावर शेजारचेही हरभरा पेरायचे. डुक्कर मारायचं तर वेगळी परवानगी लागते, तिच्या नादी मी कधी लागलो नाही. आवाज करायचा, बस. पण एका वर्षी शेजारच्या गड्याच्या मांडीत डुकरानं सुळा घातला, तेव्हापासून मी दारूवर छर्रेही ठासायला लागलो. भीती माझी, वजन बंदुकीला.

आणि नेमका तेव्हापासूनच माल मिळेना झाला.

जिल्ह्याच्या गावी एका बोळात दुकान आहे. दुकानदार म्हातारा, उर्दू वळणाचं बोलणारा. पूर्वी टोप्यांची डबीच्या डबी द्यायचा, वर चहा पाजायचा. मग डबी बंद झाली, टोप्या मोजून मिळायला लागल्या. मग त्या सोन्याच्या भावानं मिळायला लागल्या. मग मिळेचनात.

"चाचा, काहीतरी काढा की आतून," मी म्हणायचो.

"आत मैं और मेरा दमा हाय," म्हातारा म्हणायचा. "वरूनच माल येईना गेलाय. कारखाना बंद म्हणतात, गाडी बंद म्हणतात. दारू थोडी हाय, पर भाव ऐकून तुमी मलाच गोळी घालताल."

"टोपीच न्हाई तर घालू कशानं?"

त्यावर तो इतका हसला की खोकल्यानं त्याला आत जावं लागलं. मी दारूची एक पुडी घेतली. भाव सांगत नाही. बायकोलाही सांगितला नव्हता.

टंचाईत माणूस हुशार होतो असं म्हणतात. मी झालो नाही. आधी मी अर्ध्या मापात बार भरून बघितला. तो बार वाजला नाही, खोकला. उसाच्या कडेला उभ्या डुकरानं मान वर करून माझ्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघितलं आणि परत उकरायला लागलं. मग छर्रे महाग म्हणून सायकलच्या दुकानातून जुन्या बेरिंगच्या गोळ्या आणल्या. त्या नळीत बसेनात. मग ताडकळसच्या बाजारातून वाघाच्या डरकाळीचा भोंगा आणला. पहिल्या संध्याकाळी डुकरं पळाली. नंतर त्यांना कळलं की हा वाघ ठरल्या वेळी ओरडतो आणि जागचा हलत नाही. मग ती भोंग्याच्या खाली येऊन खायला लागली. बायको म्हणाली, "त्यायला वाटायलंय, जेवणाची घंटा झाली."

या सगळ्या हुशारीतली शेवटची हुशारी मात्र हसण्यासारखी नव्हती.

आमच्याकडं एक रीत होती. राखण करून सकाळी घरी यायच्या आधी भरलेली बंदूक ओढ्याच्या दरडीत उडवून रिकामी करायची. भरलेली बंदूक उंबरठ्याच्या आत न्यायची नाही. ठासलेला माल नळीतून परत नीट काढता येत नाही, उडवला की मोकळं. वडील ती एवढी पाळायचे की तो सकाळचा बार ऐकून आई चुलीवर आधण ठेवायची. टंचाई आली तसा मला तो बार जड जायला लागला. दरडीला काय दारू पाजायची? मी फक्त टोपी काढून घ्यायला लागलो. टोपी नाही तर बार नाही, असा माझा हिशेब. काढलेली टोपी माझ्या तंबाखूच्या डबीत, चुन्याच्या खणात. डॉक्टरनं चुना बंद केल्यापासून तो खण रिकामाच होता. बंदूक घरात, कोपऱ्यात, ठासलेली.

बायकोनं एकदा विचारलं, "आजकाल सकाळी बार वाजना गेलाय, का?"

"डुकरं आता समजूतदार झालीत," मी म्हणालो.

त्यात निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. ठाण्यातून फोन आला तो हवालदाराचा. हा हवालदार माझ्या बायकोच्या माहेरचा, चुलत्याच्या घरातला. नात्यानं मेहुणा, मला दाजी म्हणणारा. "दाजी, उद्या घेऊन या. उशीर केलाव तर सायेब मलाच बोलतील."

बंदुकीत माझा शेवटचा बार ठासलेला. पुडी संपलेली, दुकान कोरडं. हरभरा नुकता उगवून वर आलेला. निवडणूक झाली की बंदूक परत येणार, बार आतमधे तयार असणार, असा विचार मी केला. तो बार दरडीत घालवायला मन होईना. मी बंदूक पोत्यात गुंडाळली, मोटारसायकलला आडवी बांधली आणि ठाण्यात नेली.

हवालदारानं पावती लिहायला घेतली. नळीत गज घालून बंदूक रिकामी आहे का ते बघायचं असतं. गज त्याच्या हाताशीच होता. त्यानं नुसतं विचारलं, "रिकामी हाय ना, दाजी?"

मी म्हणालो, "भरायला माल कुठं मिळायलाय?"

सगळे हसले. खोटं बोलायचंच तर माणसानं निदान पडलेल्या तोंडानं बोलावं. मी विनोद केला. गज तसाच राहिला आणि बंदूक आतल्या खोलीत गेली.

काही दिवसांनी दुपारी तंबाखू काढता काढता सहज डबीचा चुन्याचा खण उघडला. टोपी नव्हती. खिसे बघितले, बंडी बघितली, राखणीच्या माळ्याखालची माती चाळली. त्या सकाळी मी टोपी काढली होती का? डोळ्यांपुढं काही येईना. घोडा उचलल्याचं आठवायचं, मग वाटायचं की हे कालचं, नाहीतर परवाचं. रोज तेच काम करणाऱ्या हाताला आजचा दिवस वेगळा ठेवता येत नाही.

बायकोला सांगितलं. ती शेंगा निवडत होती, हात थांबला.

"म्हंजी ती भरलेली हाय?"

"हाय."

"आन टोपीबी असंल?"

"असंल न्हाईतर नसंल."

"ठाण्यामागंच क्वार्टर हायत. लेकरं खेळतेत तिथं," ती म्हणाली. "जावा आन सांगा."

"सांगितलं की परवाना गेला. परवाना गेला की पट्टी गेली."

"डुकरं हरभरा खातील. दुसरं काय खातील?" असं म्हणून तिनं सूप उचललं आणि आत गेली.

मी लगेच गेलो असं लिहायला आवडलं असतं. गेलो नाही. टोपी बहुतेक काढलीच असणार, असं स्वतःला समजावत एक अख्खा आठवडा घालवला. फोन वाजला की आधी नंबर ठाण्याचा आहे का ते बघायचो. शेवटी एका सकाळी भाकरी न खाता निघालो.

हवालदार ठाण्यात नव्हता, सभेच्या बंदोबस्ताला गेला होता. टेबलावर दुसराच शिपाई. मी बाकावर बसलो. त्याला सांगता येईना, कारण पावतीवर 'तपासून घेतली' असं लिहिलेलं होतं आणि खाली माझ्या मेहुण्याची सही होती. मी तोंड उघडलं की आधी तो मरणार होता.

त्या दिवशी आसपासच्या गावांचे राहिलेले परवानेवाले बंदुका घेऊन येत होते. शिपाई एकेक बंदूक घ्यायचा, दार उघडायचा आणि आत भिंतीला टेकवायचा. टेकवायचा म्हणजे टाकायचाच, उसाची मोळी टाकावी तशी. आत लाकडावर लोखंड आपटायचं. प्रत्येक आवाजाला मी बाकावरून अर्धा उठायचो. एकदा आतून दोन-तीन बंदुका घसरून खाली पडल्याचा मोठा आवाज झाला. शिपायानं शिवी घातली आणि आत वाकून त्या उचलायला लागला. त्याचं डोकं नळ्यांच्या समोर होतं. मला ओरडायचं होतं. मी बाकाची कड धरून बसून राहिलो. तो उठला, हात झटकले आणि मला म्हणाला, "काका, पाणी पिता का? तोंड बघा तुमचं."

उन्हं कलल्यावर हवालदार आला. मला बघून हसला. "दाजी, तुमी? फोन करायचा की." मी त्याला बाहेर लिंबाखाली नेलं आणि सांगितलं. सगळं. तो ऐकताना हसतच होता, विनोद असणार म्हणून. मग हसणं तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले.

त्यानं शिपायाला चहा आणायला पाठवलं. पाण्याचा तांब्या उचलला, आत गेला आणि दार लावून घेतलं. मी बाहेर उभा. आतला आवाज येत नव्हता. त्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. त्यातलं एकही फेडलेलं नाही, एवढं नक्की.

तो बाहेर आला तेव्हा शर्टाच्या बाह्या ओल्या होत्या. बंदुकीत पाणी ओतून त्यानं दारू मारली होती. मूठ उघडून दाखवली. तळहातावर टोपी.

"होती," तो म्हणाला.

मी पुढं केलेला हात मागं घेतला.

"माझी चूक हाय," मी म्हणालो.

"तुमची तर हायच. गज माझ्या हातात होता. दाजी म्हणून घातला न्हाई." मग त्यानं ठाण्याच्या फाटकाकडं बघितलं. क्वार्टरमधली पोरं तिथं सायकलचा टायर फिरवत होती. "मी लिहीत न्हाई काई. लिहिलं तर तुमचा परवाना जाईल आन माझी नोकरी. पर निवडणूक झाली की बंदूक नेऊ नका. सरकारजमा करा. पुढच्या बारीला तुमच्या नळीत गज घालायचा तर मला तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई. न घालता तर मी ऱ्हाऊच शकणार न्हाई."

मी हो म्हणालो.

निकाल लागल्यावर मी अर्ज दिला आणि बंदूक कायमची जमा केली. गावात चर्चा झाली. कुणी म्हणालं, घाबरलं. कुणी म्हणालं, विकली असंल. मी दोन्हीला मान हलवली. त्या हंगामात हरभरा घाट्यावर आला आणि डुकरांनी तो दोन टप्प्यांत संपवला. आधी माझा, मग शेजाऱ्याचा. शेजारी बांधावर येऊन उभा राहिला. त्यानं मला शिवी दिली नाही. उकरलेली माती पायानं सारखी केली आणि गेला.

बायकोच्या माहेरी यंदा लग्न होतं. हवालदार आला होता. त्यानं बहिणीची चौकशी केली, तिच्या ताटात पुरी वाढली. माझ्या पंगतीला मात्र वाढायला दुसराच गेला. बायकोनं ते बघितलं. परत येताना बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली.

पट्टी यंदा पेरली नाही. शेजाऱ्यानंही त्याची सोडून दिली. उसाच्या कडेपासून आमच्या विहिरीपर्यंत आता नुसतं तण आहे. संध्याकाळी डुकरं तिथून सरळ जातात, न थांबता, पुढच्या शिवाराकडं.