बाई पानं वाचून दाखवत

आमच्या बाई, डॉ. मालविका घाणेगावकर गेल्या, हे मला हिंजवडीच्या बसमध्ये कळलं. जुन्या वर्गमित्राचा निरोप होता... ‘आपल्या बाई गेल्या.’ पुढचे दोन थांबे मी तशीच फोन धरून बसले. शेजारच्या मुलीनं काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. याला आता सहा आठवडे झाले.

बाई आम्हाला कॉलेजात संज्ञापन, म्हणजे मास कम्युनिकेशन, शिकवायच्या. नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली, साबणांच्या नव्यानव्या जाहिराती आल्या, आणि बाई त्या कॅसेटवर उतरवून घेऊ लागल्या. कोण बोलतं, कोण राबतं, शेवटचा शब्द कुणाचा, हे आम्ही तक्त्यात भरायचं. उशिरा येणाऱ्याला त्या म्हणत, “या, सत्कार ठेवलाच आहे.” डबा विसरलेल्याला आपली अर्धी पोळीही त्याच देत. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं, अगदी चष्म्यापासून.

या जाहिरातींबद्दल बायकांना काय वाटतं, हे विचारायला त्या वारज्यात आमच्या घरीही आल्या. टीव्हीकडे बघत आई म्हणाली, “ही एवढी कापडं धुती, पण हिची साडी पुढनं कधी भिजत न्हाई.” बाई लिहायच्या थांबल्या आणि आईकडे बघत राहिल्या. शोधनिबंधाची सुरुवात त्यांनी त्याच वाक्यानं केली. खाली छापलं होतं, ‘वारज्यातील एक गृहिणी’.

ते ‘गृहिणी’ मी लिहिलेलं; मुलाखतींचे तक्ते मीच भरत होते. आई कोथरूडला चार घरी पोळ्या करायची. त्यावरच माझं शिक्षण चाललं होतं, आणि तक्त्यातल्या ‘व्यवसाय’ या रकान्यात तेवढंच लिहायची मला लाज वाटली. छापून आल्यावर मी शहाणी, मोठ्या तोऱ्यात आईला निबंध वाचून दाखवायला बसले. “मग चार घरच्या पोळ्या कोन करतं?” एवढंच तिनं विचारलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगून टाकलं. पडद्यावर बायकांचे कष्ट कसे लपवतात यावर अख्खा निबंध, आणि त्यातच मी... बाईंनी निबंध काढून ते पान उघडलं. मग म्हणाल्या, “तू लपवलंस. पण मी तरी कुठे विचारलं? चहा मात्र दोनदा प्यायले.” संध्याकाळी त्या वारज्याला आल्या. विचारायचं राहिलं, चूक माझी, असं म्हणून त्यांनी आईची माफी मागितली. माझं नावही काढलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. पुढे त्या निबंधाचं पुस्तक झालं, त्यात आईचं पूर्ण नाव आलं, शकुंतला मारुती ढगे, पोळ्यांची कामं, चार घरं.

तेव्हापासून बाईंनी एक रीत धरली. जिच्याबद्दल लिहिलं, तिला छापण्याआधी पानं वाचून दाखवायची आणि ती सांगेल ते बदलायचं. त्यासाठी त्या बस बदलत कुठं कुठं जात. बरोबरचे प्राध्यापक हसायचे. बाई म्हणायच्या, “हसा, तेवढाच तुम्हाला व्यायाम.” त्यांची फार आठवण येते.

काल हा लेख मी आईला वाचून दाखवला. तिला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे मोठ्यानं वाचावं लागलं. लाजेच्या ओळीशी मी थांबले, तर तिनं हातानंच पुढं वाच म्हणून खुणावलं. संपल्यावर विचारलं, काही बदलू का?

“लाज वाटली हुती, ते मला तवाच कळलं हुतं,” आई म्हणाली. “तू कधी म्हनतीस याची वाट बघत हुते. ऱ्हाऊ दे तसंच.”