दोन खेळांचा अंपायर

जर्मनीत ब्योब्लिंगेनजवळच्या एका फुटबॉल मैदानावर आम्ही पुण्या-मुंबईकडचे इंजिनिअर दर रविवारी खेळपट्टीच्या जागी चटई अंथरून क्रिकेट खेळतो. एक म्हातारा इंग्रज अंपायर म्हणून उभा राहतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तरुणपणी तो पोटासाठी हिवाळ्यात फुटबॉल आणि उन्हाळ्यात क्रिकेट खेळायचा, एवढं ठाऊक आहे. अजूनही चेंडू जवळ आला की तो वाकत नाही. बुटाने अडवतो, अलगद उडवतो आणि हातात झेलतो.

मागच्या रविवारी मी बाद होऊन बाहेर बसलो होतो. सांगलीहून आईचा फोन आला, तो मी कट केला. पाणी प्यायला आलेल्या म्हाताऱ्याने ते पाहिलं.

"कोण?"

"आई. तिला सांगतो, रविवारीही ऑफिस असतं. ती तिकडे एकटी आणि मी इथे मजेत, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

हे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो.

तो हसला. "फुटबॉल खेळताना वाटायचं, क्रिकेटशी बेइमानी करतोय. क्रिकेट खेळताना उलटं. त्या नादात तिकडे गोल हुकले, इकडे झेल सुटले. शेवटी माझी आई चिडली. म्हणाली, तुझं पडलेलं तोंड बघायला मी तिकीट काढून येते का?"

मी तिथूनच आईला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

"किती रन काढलेस?"

"शून्य."

"अरे, आणि त्यासाठी इतकी वर्षं खोटं बोललास? जा आता, फिल्डिंग तरी नीट कर."